विंडोजच्या पोटात दुसरी विंडोज: ऑपरेटिंग सिस्टमला फसवतात कसं

डीटीपीच्या धंद्यातल्या लोकांकडे एक जुना, पिवळा पडलेला सीपीयू बऱ्याचदा असतो. त्यावर विंडोज एक्सपी, त्यात पेजमेकर (छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर), आणि वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका, सगळं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये, म्हणजे नव्या मशीनवर फाईल उघडली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० आली २००१ ला, एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, त्यामुळे तो डबा बसला तर काय ही भीती खरीच आहे. पण तो अख्खा कॉम्प्युटरच, एक्सपी, पेजमेकर, फाँट सगळ्यासकट, नव्या लॅपटॉपवर एका खिडकीत चालवता येतो. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन टाकायचं, त्यात नवीन व्हर्च्युअल मशीन बनवायचं आणि एक्सपी इन्स्टॉल करायचं. बाहेर विंडोज ११, ते होस्ट, आणि आत एक्सपी, ते गेस्ट. आतला कॉम्प्युटर चक्क मिनिमाइझ होतो.

आता यात नवल काय, एक सॉफ्टवेअर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चाललं, असं वाटेल. पण ऑपरेटिंग सिस्टम हे साधं सॉफ्टवेअर नाहीये, ते मशीनचा मालक असल्यासारखंच लिहिलेलं असतं. कुठली मेमरी कुणाला द्यायची, डिस्कवर काय लिहायचं, कुठल्या प्रोग्रामला प्रोसेसर किती वेळ मिळणार, सगळं तेच ठरवणार. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी अधिकाराच्या पायऱ्या आहेत, त्यांना रिंग म्हणतात, ० ते ३. ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नल, रिंग ० मध्ये बसतो आणि तुमचा ब्राउझर वगैरे रिंग ३ मध्ये. आता मालक तर दोन असू शकत नाहीत. म्हणजे जन्मभर अख्ख्या वाड्यावर राज्य केलेल्या माणसाला एका खोलीत ठेवायचं आणि वाडा अजून आपलाच आहे असं त्याला वाटत राहिलं पाहिजे, असं ते काम आहे, आणि ते करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात.

हे काम आयबीएमने खूप आधी केलं होतं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिजच्या त्यांच्या केंद्रात एकाच मोठ्या मेनफ्रेमवर प्रत्येकाला स्वतंत्र मशीन मिळाल्याचा भास देणारी सिस्टम बनली, आणि १९७२ ला त्यांनी व्हीएम/३७० जाहीर केलं. युक्ती अशी की गेस्टच्या कर्नलला मालकाची पायरी (आपल्याकडची रिंग ०) द्यायचीच नाही, कमी अधिकाराच्या पायरीवर चालवायचं. साधी बेरीज-वजाबाकी, मेमरीतून उचला-ठेवा, हे सगळं त्याने थेट खऱ्या प्रोसेसरवर करावं, पूर्ण वेगाने, त्यात कुणी मध्ये पडत नाही. त्याने मालकाचा एखादा हुकूम सोडला की प्रोसेसर म्हणणार तुला अधिकार नाही, आणि हायपरवायझरला बोलावणार. हायपरवायझर मग त्या हुकमाची नक्कल करून दाखवतो, "झालं हो तुमचं काम" असं सांगतो आणि गेस्ट पुढे चालू लागतो. त्याला काही कळत नाही.

१९७४ ला पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी याचा नियमच मांडला: मशीनच्या मूळ स्थितीला हात लावणारी किंवा ती उघड करणारी प्रत्येक सूचना (प्रोसेसरला दिलेला एकेक हुकूम) अशी हवी की कमी अधिकारवाल्याने ती वापरली की प्रोसेसरने अडवलीच पाहिजे. आणि घरोघरी गेलेला एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या घराण्यातला प्रोसेसर, नेमका इथे नापास होता. २००० साली त्यातल्याच इंटेल पेंटियमची तपासणी झाली तेव्हा अशा १७ सूचना सापडल्या ज्या नियमात बसत नव्हत्या.

त्यातली एक बघण्यासारखी आहे, नाव पॉपएफ. ही सूचना प्रोसेसरचे फ्लॅग, म्हणजे आतली चालू-बंदची छोटी बटणं, बदलते, त्यात एक फ्लॅग असतो इंटरप्ट (कीबोर्ड, डिस्क वगैरेंनी प्रोसेसरला मध्येच मारलेली हाक) चालू की बंद याचा. कर्नलला नाजूक काम करताना इंटरप्ट बंद करावे लागतात. रिंग ० मध्ये पॉपएफने ते बंद होतात. कमी अधिकाराच्या रिंगमध्ये वापरलं तर? एरर नाही, ओरड नाही, प्रोसेसर तेवढा बदल गुपचूप गाळतो आणि पुढे जातो. म्हणजे गेस्टला वाटतंय इंटरप्ट बंद झाले, प्रत्यक्षात झालेच नाहीत, आणि हायपरवायझरला कुणी कळवलंही नाही. सरळ नकार दिला असता तर बरं झालं असतं. बरेच दिवस जाणकार लोक म्हणत होते की एक्स८६ वर हे जमणार नाही, त्याचं कारण हेच.

ते जमवलं व्हीएमवेअरने. स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून १९९८ ला ही कंपनी निघाली, मेंडेल रोझेनब्लम, डायान ग्रीन आणि आणखी तिघं, आणि १९९९ ला वर्कस्टेशन बाजारात आलं. त्यांनी केलं असं की गेस्टच्या कर्नलचा कोड चालण्याआधीच वाचायचा, तुकड्या-तुकड्याने, आणि त्यात पॉपएफसारखं काही दिसलं की तिथे आपला बिनधोक कोड घालायचा, बाकीचं जवळजवळ जसंच्या तसं. एकदा तयार केलेला तुकडा साठवून ठेवायचा म्हणजे पुन्हा मेहनत नको. रिंग ३ मधल्या साध्या प्रोग्रामना तर हात लावायचीही गरज नाही. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात हुशारीचं काम हे, कारण हार्डवेअरची काडीची मदत नसताना केलेलं आहे.

मदत नंतर आली. इंटेलने २००५ ला व्हीटी-एक्स आणलं, एएमडीने २००६ ला एएमडी-व्ही, त्यात प्रोसेसरला गेस्टसाठी वेगळा मोडच दिला, गेस्ट खुशाल रिंग ० मध्ये बसू दे, पण ती रिंग ० त्या मोडपुरतीच. गंमत म्हणजे पहिल्या पिढीत ही हार्डवेअरची पद्धत बऱ्याच कामांत व्हीएमवेअरच्या जुन्या जुगाडापेक्षा हळू होती, कारण गेस्टमधून हायपरवायझरकडे आणि परत ही ये-जा महाग पडायची. मेमरीचे पत्ते दोनदा बदलायचं काम (आधी गेस्टच्या हिशेबाने, मग खऱ्या मेमरीच्या) प्रोसेसर स्वतः करायला लागला (एएमडी २००७, इंटेल २००८) तेव्हा कुठे चित्र पालटलं. व्हर्च्युअलबॉक्स कधी कधी "व्हीटी-एक्स बंद आहे" म्हणून अडून बसतं ना, ते हेच, बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं.

प्रोसेसर झाला, बाकी मशीनचं काय? डिस्क म्हणजे होस्टवरची एक मोठी फाईल, एवढंच. म्हणून ती दुसऱ्या लॅपटॉपवर कॉपी करता येते, स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नोंद, घेऊन ठेवला की काही बिघडलं तर मागे जाता येतं, डीटीपीवाल्यांसाठी तर हीच खरी चैन. फक्त एक्सपीचं इंटरनेट बंदच ठेवा. आणि फाँटच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (जे जोडल्याशिवाय ते चालत नाही) यूएसबीचं असेल तर ते गेस्टला जोडून देता येतं, जुन्या प्रिंटर पोर्टचं असेल तर पंचाईत, नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. रॅम मात्र खरीच वाटून द्यावी लागते, ८ जीबीच्या मशीनवर गेस्टला ६ दिले तर दोघंही रडणार.

मदरबोर्ड, नेटवर्क कार्ड वगैरे सगळं सोंग असतं, आणि सोंग मुद्दाम जुन्या, सगळ्यांना ओळखीच्या हार्डवेअरचं. क्यूएमू या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं नेहमीचं साधं मशीन १९९६ च्या इंटेल चिपसेटचं (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सचं) आहे, लॅपटॉप कालच घेतलेला असला तरी. हे जुनं सामान कधी कधी महागात पडतं. २०१५ ला व्हेनम नावाची त्रुटी उघड झाली, ती क्यूएमूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेत होती, २००४ पासून. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण तो कोड केव्हीएम, झेन, व्हर्च्युअलबॉक्स अशा कित्येक हायपरवायझरसोबत पडून होता, आणि त्यातून गेस्टमधला माणूस बाहेर होस्टमध्ये घुसू शकत होता.

शिवाय प्रत्येक सोंग हळू चालतं. म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या झेनवाल्यांनी २००३ ला उलटा विचार केला, की गेस्टला खरं सांगूनच टाकू, तू व्हर्च्युअल आहेस, डिस्क हवी तर सरळ माझ्याकडे माग. त्यासाठी गेस्टचा कर्नल बदलावा लागायचा, लिनक्सला ते शक्य होतं, विंडोजला नाही. अमेझॉनने २००६ ला ईसी२ ही भाड्याने मशीन द्यायची सेवा काढली ती झेनवरच. आज आपण व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्ट ॲडिशन्स नावाचं जोड-सॉफ्टवेअर गेस्टच्या आत टाकतो तेव्हा थोडंफार हेच करतो, स्क्रीन आणि माऊसपुरतं खरं सांगून टाकायचं म्हणजे काम पटापट होतं.

आजकाल तर लपवायचा आग्रहच राहिला नाहीये. सीपीयूआयडी नावाच्या सूचनेने गेस्ट थेट विचारू शकतो की मी कुठे आहे, आणि हायपरवायझर आपलं नावही सांगतो. याचा फायदा व्हायरस लिहिणारे उचलतात. तपासणारे लोक व्हायरस व्हर्च्युअल मशीनमध्येच चालवून बघणार हे त्यांना माहीत असतं, म्हणून काही व्हायरस आधी हे विचारतात आणि व्हर्च्युअल दिसलं की साळसूदपणे गप्प बसतात. मग तपासणारे ते उत्तर लपवतात. मग व्हायरसवाले घड्याळ लावतात, कारण इंटेलच्या व्हीटी-एक्सच्या गेस्ट मोडमध्ये सीपीयूआयडी वापरलं की प्रत्येक वेळी हायपरवायझरकडे जाऊन यावंच लागतं, आणि खऱ्या मशीनपेक्षा त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. मग हायपरवायझरला घड्याळाबद्दलही खोटं बोलावं लागतं, प्रोसेसरमध्ये तशी सोय आहे, पण गेस्टला इंटरनेट दिलेलं असेल तर तो बाहेरच्या सर्व्हरला वेळ विचारून दोन्ही घड्याळं ताडून बघू शकतोच.