पोलर कोऑर्डिनेट्स फिल्टर

पोलर कोऑर्डिनेट्स हा फोटोशॉप, गिंप यांसारख्या चित्रसंपादन सॉफ्टवेअरमधला आकार वाकवणारा फिल्टर. दोन्हीकडे तो ‘डिस्टॉर्ट’ गटात सापडतो. चित्रातले आडवे अंतर तो कोन समजतो आणि उभे अंतर केंद्रापासूनची लांबी. त्यामुळे आडव्या पट्ट्यांची कडी होतात, उभ्या पट्ट्यांचे किरण. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याच्या डोक्यामागे फाकलेले किरण हवे असतील, तर पिवळ्या-भगव्या उभ्या पट्ट्या काढून हा फिल्टर लावला की काम झाले.

सर्वांत गाजलेला उपयोग ‘लिटल प्लॅनेट’चा. शहराचा लांबट पॅनोरमा घ्यायचा, प्रमाण न राखता दाबून चौरस करायचा, १८० अंशांत फिरवायचा आणि ‘रेक्टँग्युलर टू पोलर’ निवडायचे. जमिनीचा गोळा होतो आणि इमारती त्यावर साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या राहतात. फिरवायचे राहिले, तर फोटोशॉपमध्ये आकाश मध्यभागी जाते आणि विहिरीच्या तळातून वर पाहिल्यासारखे दिसते. तेही काही वाईट नाही. चित्राच्या डाव्या-उजव्या कडा जुळत नसल्या तर केंद्रापासून वरपर्यंत सरळ शिवण उमटते. म्हणून ‘ऑफसेट’ने चित्र आधी निम्म्याने सरकवून तो सांधा मधोमध आणतात आणि क्लोन स्टँपने, म्हणजे शेजारचा भाग उचलून छापणाऱ्या साधनाने, बुजवतात.

पिक्सेलांचा हिशेब बघण्यासारखा आहे. १००० पिक्सेल बाजूच्या चौरसात सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ३१४० पिक्सेल भरतो, म्हणजे तिथे १००० पिक्सेलांची ओळ तिपटीहून जास्त ताणली जाते. केंद्रापाशी तेवढीच ओळ एका ठिपक्यात कोंबली जाते. रुंदी जशीच्या तशी राहते ती केंद्रापासून १५९ पिक्सेलांवरच्या एका वर्तुळापुरती. उंची तर सगळीकडेच निम्मी होते. म्हणून मध्यभागी जाणाऱ्या बाजूला गवत, पाणी, वाळू असेच काहीतरी साधे असावे. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हातला जगाचा नकाशा याच कुळातला: उत्तर ध्रुव मध्यभागी आणि दक्षिणेकडचे भूभाग रुंदीत फुगलेले.

उलटा पर्याय, ‘पोलर टू रेक्टँग्युलर’, एकटा फारसा कामाचा नाही. पण जाऊन परत यायचे असेल तर त्याच्यासारखी गंमत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर मधोमध पांढरी अक्षरे लिहून तो लावला की अक्षरे ओळखूही येत नाहीत. वाऱ्याने फरपटल्यासारखे ओरखडे काढणाऱ्या ‘विंड’ फिल्टरचा वारा फक्त आडवा वाहतो, म्हणून चित्र ९० अंशांत फिरवून दोन-तीनदा वारा द्यायचा, चित्र पुन्हा सरळ करायचे आणि ‘रेक्टँग्युलर टू पोलर’ने परतायचे. अक्षरे जागेवर येतात आणि वाऱ्याचे ओरखडे त्यांच्यामधून चोहीकडे फुटलेले प्रकाशझोत होतात. वाऱ्याची दिशा चुकली तर झोत बाहेर न जाता आत ओढले जातात. या जा-ये करण्यात अक्षरांच्या कडा मऊ पडतात, त्यामुळे मूळ अक्षरांचा लेयर (थर) आधीच वेगळा ठेवून शेवटी वर बसवतात.