महाराष्ट्र आणि गोवा : निर्वाह खर्चाच्या तुलनेची पार्श्वभूमी

मुंबईत कामगारांच्या निर्वाह खर्चाचा निर्देशांक १९२१ पासून, जुलै १९१४ मधील भाव पायाभूत धरून, प्रसिद्ध होऊ लागला. वेतन आणि महागाई भत्ता यांच्या वाटाघाटींसाठी तो उपयोगी पडला, पण एका ठिकाणचा खर्च दुसऱ्या ठिकाणाशी ताडून पाहणे हा त्याचा हेतू कधीच नव्हता. पुढे त्याला ‘ग्राहक किंमत निर्देशांक’ असे नाव मिळाले, तरी त्यावरून दोन ठिकाणांच्या खर्चाची तुलना करता येते हा गैरसमज कायम राहिला. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत प्रत्येक राज्याचा त्या वर्षीचा निर्देशांक १०० धरलेला आहे. त्यामुळे गोव्याचा आकडा महाराष्ट्रापेक्षा कमी असला, तर गोव्यात त्यानंतर भाव कमी वेगाने वाढले एवढेच सिद्ध होते. गोवा स्वस्त आहे असे नव्हे.

दोन राज्यांतील भावांची पातळी ताडण्याचा अधिकृत प्रयत्न झाला तो दारिद्र्यरेषेच्या निमित्ताने, आणि तेथेच सर्वांत शंकास्पद निर्णय घेतला गेला. नियोजन आयोगाच्या १९९३ च्या तज्ज्ञगटाने राज्यवार रेषांची पद्धत सुचवली खरी, पण तिच्या अंमलबजावणीत गोव्यासाठी महाराष्ट्राचीच रेषा उसनी घेतली गेली. २००४-०५ साठी दोन्ही राज्यांचे आकडे म्हणूनच तंतोतंत सारखे होते : दरडोई दरमहा ग्रामीण ३६२.२५ रुपये आणि शहरी ६६५.९० रुपये. मासळी, नारळ आणि पर्यटनावर चालणाऱ्या गोव्यातील खेड्याचे भाव महाराष्ट्रातील दुष्काळी तालुक्याइतकेच असतील, हे गृहीतक कागदावर सोयीचे होते, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल. २००९ मध्ये नव्या समितीने कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीतून मिळणारे भाव वापरून २००४-०५ साठीच फेरमांडणी केली, तेव्हा गोव्याची ग्रामीण रेषा ६०८.७६ रुपये, तर महाराष्ट्राची ४८४.८९ रुपये निघाली, म्हणजे फरक सुमारे पंचवीस टक्क्यांचा होता. शहरी भागात मात्र ६७१.१५ आणि ६३१.८५ असे आकडे जवळजवळ होते. २०११-१२ पर्यंत ग्रामीण फरक १,०९० विरुद्ध ९६७ इतका उतरला आणि शहरी फरक १,१३४ विरुद्ध १,१२६ असा नगण्य झाला. घरभाडे आणि प्रवास यांचे भाव मात्र त्या पाहणीतून स्वतंत्रपणे मिळत नव्हते, आणि मुंबईचा प्रश्न नेमका तोच आहे.

गोवा स्वस्त की महाग, या पुढील वादात करांनी गुंतागुंत वाढवली. २०१२ मध्ये गोव्याने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळपास शून्यावर, ०.१ टक्क्यावर आणला आणि सिंधुदुर्गातील वाहनचालक टाकी भरायला सीमेपलीकडे जाऊ लागले. नंतर तो कर टप्प्याटप्प्याने वाढला, पण ‘गोवा स्वस्त’ ही समजूत टिकली. उलट ‘गोवा महाग’ म्हणणारे दरडोई खर्चाचा आधार घेतात. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण गोव्याचा मासिक खर्च ७,३६७ रुपये आणि ग्रामीण महाराष्ट्राचा ४,०१० रुपये होता. त्यात भावांपेक्षा उत्पन्नाचा वाटा मोठा असल्याने हाही पुरावा लंगडाच ठरतो.

घरभाड्याच्या तुलनेसाठी सरकारी भत्ताही उपयोगी नाही : केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यात शहरांची तीन वर्गांतील विभागणी लोकसंख्येवर ठरते, भाड्यावर नव्हे. त्या निकषावर गोव्यातील एकही शहर मधल्या वर्गात बसत नाही, तरीही गोव्याला त्या वर्गाचा भत्ता विशेष आदेशाने दिला जातो.