छोटा घरगुती गॅस हीटर

छोटा घरगुती गॅस हीटर म्हणजे घरातली एखादी खोली गरम करायला एलपीजीवर किंवा पाईपच्या गॅसवर चालणारा हीटर, ताकद साधारण दीड ते सव्वाचार किलोवॅट. बाहेरून दिसतं ते इतकंच की पुढे जाळी, जाळीमागे लालबुंद होणाऱ्या एक-दोन-तीन पाट्या, त्यांच्यामागे चकचकीत पत्रा, वर किंवा बाजूला एक नॉब, आणि मागे रबरी नळी नाहीतर कप्प्यात ठेवलेला सिलेंडर. आमच्याकडे ग्वाल्हेरला जुनी माणसं याला अजून गॅसची सिगडीच म्हणतात, कारण कोळशाची सिगडी गेली आणि तिच्या जागी हा आला.

पुण्या-मुंबईकडच्यांना घरात हीटर म्हटलं की चैन वाटते, पण ज्यांनी ग्वाल्हेरचा जानेवारी काढलाय त्यांना विचारा, मे-जूनमध्ये ४५ अंशांच्या वर तापणारं हेच गाव जानेवारीच्या पहाटे ४-५ अंशांवर येतं, कधी त्याच्याही खाली, आणि कोहरा म्हणजे दाट धुकं पडलं की दुपारपर्यंत ऊन नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये आपली राजधानी इथे, ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात आणली तेव्हापासून मराठी घरं इथे आहेत, आणि जुनी घरं सगळी दगडाची, भिंती हात-दीड हात जाड, वर दगडी पटियांचं (लांब फरश्यांचं) छत, उंची बारा-चौदा फूट, उन्हाळ्यात स्वर्ग पण थंडीत भिंतीला पाठ टेकवत नाही. हा सगळा संदर्भ द्यायचं कारण असं की हीटर कुठला चांगला हे खोली बघितल्याशिवाय सांगताच येत नाही.

प्रकार ढोबळमानाने चार. सरळ छोट्या सिलेंडरच्या डोक्यावर बसवायचा ताटलीसारखा हीटर, चाकं असलेला आणि पोटात सिलेंडर घेणारा कपाटवजा हीटर, भिंतीवर बसवून धूर पाईपने बाहेर सोडणारा हीटर, आणि कॅटॅलिटिक म्हणजे ज्वाळा न दिसता प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकाच्या गादीवर गॅस जाळणारा. आपल्याकडे दिसतात ते मुख्यतः पहिले दोन. सिलेंडरच्या डोक्यावरच्या हीटरला बऱ्याचदा रेग्युलेटर नसतो, ज्वाळा विझली तर गॅस बंद करणारं काही नसतं आणि धक्का लागला की सिलेंडरसकट कलंडतो, लहान मुलं असलेल्या घरात तो आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं कपाटवजा, सिरॅमिक पाट्यांच्या हीटरबद्दल.

गॅस रेग्युलेटरमधून येतो तेव्हा त्याचा दाब अगदी कमी असतो, घरगुती एलपीजीला ३० मिलिबारच्या आसपास. तो पितळी जेटच्या भोकातून जोरात बाहेर पडतो, भोक मिलिमीटरहूनही बारीक, आणि पडता पडता आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढत एका नळीत शिरतो, ही नळी मधे जरा अरुंद असते, तिला व्हेंचुरी म्हणतात. हे तत्त्व बुन्सेन बर्नरचंच, रॉबर्ट बुन्सेन यांनी हायडेलबर्गला पीटर डेसागा या कारागिराकडून १८५५ च्या सुमारास तो बनवून घेतला, आणि आपल्या स्वयंपाकघरातली शेगडीही त्याच तत्त्वावर चालते. पण फरक असा की शेगडीत थोडी हवा नळीतून येते आणि उरलेली ज्वाळा बाहेरून घेते, तर सिरॅमिक हीटरमध्ये लागणारी जवळजवळ सगळी हवा आधीच नळीत मिसळावी लागते. आणि हवा लागते किती? एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण, त्यातल्या एक भाग प्रोपेनला सुमारे २४ भाग हवा, ब्युटेनला ३१, पाईपच्या मिथेनला साडेनऊ. म्हणजे हीटरमधून जे वाहतं त्यातला गॅस मूठभर आणि हवाच जास्त, त्याला गॅसचा हीटर म्हणतात खरं पण त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग हवेच्या बंदोबस्तासाठी आहे, हे एकदा डोक्यात बसलं की त्याची सगळी रचना आपोआप उलगडते.

मिश्रण मग पाटीच्या मागच्या डब्यात येतं. पाटी म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी भोकं असलेली सिरॅमिकची वीट, भोकं साधारण एक मिलिमीटरची, शेकड्यांनी. गॅस पेटतो तो पाटीच्या पुढच्या पृष्ठभागाला अगदी चिकटून, भोकाच्या तोंडाशीच, त्यामुळे पृष्ठभाग ८५०-९०० अंशांपर्यंत तापून लाल होतो आणि मागची बाजू मात्र त्या मानाने बरीच थंड राहते कारण सिरॅमिक उष्णता मागे जाऊ देत नाही आणि थंड मिश्रण सतत पुढे येत असतं. भोकं बारीक का, तर बारीक भोकाच्या भिंती ज्वाळेची उष्णता शोषून घेतात आणि ज्वाळा मागे डब्यात शिरू शकत नाही. पाटीला तडा गेला की हाच बंदोबस्त मोडतो, ज्वाळा फटीतून मागे जाते, फट्‍ फट्‍ आवाज येतो, नळी तापते. तडा गेलेली पाटी फायरक्लेने लिंपून चालवणारे लोक मी पाहिलेत, असं करू नका, पाटी बदला.

लाल पाटी उष्णता देते ती मुख्यतः इन्फ्रारेड किरणांनी, म्हणजे उन्हासारखी, वाटेतली हवा फारशी न तापवता समोरच्या माणसाच्या अंगावर, रजईवर, भिंतीवर. पाटीमागचा चकचकीत पत्रा इकडेतिकडे जाणारे किरण पुढे वळवतो, म्हणून त्याच्यावर धूळ आणि काजळी बसली की तेवढाच गॅस जाळून ऊब कमी मिळते. साधारण निम्मी उष्णता अशी किरणांनी येते आणि बाकीची गरम हवा होऊन वर छताला जाते. आता बारा-चौदा फूट उंच दगडी खोलीत हवा गरम करत बसलो तर ऊब सगळी पटियांखाली गोळा होणार आणि खाली सतरंजीवर बसलेली आजी कुडकुडतच राहणार, तिथे समोरून अंगावर येणारी ऊबच कामाची, म्हणून लष्करातल्या जुन्या घरांना हा हीटर ब्लोअरपेक्षा मानवतो. मुरैन्याची गजक (तिळाची मिठाई) मधे ठेवून चार-पाच जणांनी त्याच्यासमोर अर्धवर्तुळ करून बसायचं, शेकोटीसारखं.

पेटवायचं काम पिझो करतो, नॉब दाबला की आतला छोटा हातोडा एका स्फटिकावर आदळतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी पडते, सेल नको की वीज नको. आधी पेटते ती पायलट नावाची छोटी ज्वाळा. तिच्यात थर्मोकपलचं टोक असतं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा जोड, जो तापला की २०-३० मिलिव्होल्टची वीज तयार करतो, आणि एवढ्याशा विजेवर एक छोटा विद्युतचुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. म्हणूनच पेटल्यावरही नॉब दहा-वीस सेकंद दाबून ठेवावा लागतो, थर्मोकपल तापायला तेवढा वेळ लागतो. वाऱ्याने ज्वाळा विझली तर टोक थंड होतं, चुंबक सोडून देतो, अर्ध्या-एक मिनिटात गॅस बंद. घाईत असलेली माणसं नॉबला काडी अडकवून तो दाबलेलाच ठेवतात, म्हणजे सगळ्यात महत्त्वाची सोयच बाद.

आता खरा मुद्दा, खोलीतली हवा. तिन्ही पाट्या पेटवल्या तर सव्वाचार किलोवॅटचा हीटर तासाला सुमारे ३०० ग्रॅम गॅस खातो. तेवढा गॅस जळायला जवळजवळ १.१ किलो ऑक्सिजन लागतो आणि बाहेर पडतो सुमारे ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साईड आणि अर्धा लिटर पाणी, वाफेच्या रूपात (सकाळी खिडकीच्या काचांवरून ओघळतं ते हेच). १२ बाय १० ची, दहा फूट उंच खोली धरा, त्यात ३४ घनमीटर हवा मावते. खोली अगदी सीलबंद असेल तर एका तासात ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेअठराच्याही जरा खाली येतो. एका तासात! ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड होतो, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि माणूस झोपेतच जातो. सिलेंडरच्या गॅसला मर्कॅप्टनचा वास मुद्दाम घातलेला असतो म्हणून गळती कळते, पण हा वायू नाकाला अजिबात कळत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या दर थंडीत येतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आमची आत्या लष्करातलं घर सोडून नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, हीटर तोच, माणसं तीच, आणि पहिल्याच थंडीत तिचं रोज संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. आम्ही चष्म्याचा नंबर काढला, बीपी तपासलं. शेवटी लक्षात आलं की जुन्या घराच्या लाकडी दरवाजाखाली दोन बोटं फट होती, वर झरोका होता, आणि नव्या घरात स्लायडिंगच्या खिडक्या रबराच्या पट्टीसकट घट्ट बंद. खिडकी चार बोटं उघडी ठेवायला लागली आणि डोकेदुखी गेली. ज्या फटींना आम्ही लहानपणी चिंध्या कोंबायचो त्या फटींनीच आम्हाला सांभाळलं होतं, हे तेव्हा कळलं. म्हणून मी खिडकीला हीटरचाच एक पार्ट मानतो, फक्त तो खोक्यात येत नाही. एक जागा खाली आणि एक वर उघडी हवी, खालची यासाठीही की एलपीजी हवेपेक्षा दीड-दोन पट जड, गळला तर जमिनीवर पसरतो. पाईपचा गॅस हलका, तो वर जातो.

चांगल्या हीटरमध्ये यासाठी ओडीएस नावाची सोय असते, ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखणारा पायलट. यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. पायलटची ज्वाळा अशी बेतलेली असते की ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास आला की ती उचलली जाऊन थर्मोकपलपासून लांब जाते, टोक थंड होतं आणि गॅस बंद. मला या सगळ्या यंत्रात हा भाग सर्वात सुंदर वाटतो, ज्वाळेचीच तब्येत बघून ज्वाळा बंद करायची. पण तो कार्बन मोनॉक्साईड मोजत नाही, पाटी खराब असेल किंवा नळी तुंबली असेल तर ऑक्सिजन भरपूर असतानाही विष तयार होऊ शकतं, त्यामुळे ओडीएस आहे म्हणून हीटर चालू ठेवून झोपायचं, हे कधीही नाही. सोबत हीटर कलंडला तर बंद करणारा स्विच असतो, नसेल तर तो हीटर घेऊ नये.

ग्वाल्हेरला आता बऱ्याच कॉलन्यांत पाईपचा गॅस आलाय, तेव्हा लोक विचारतात की तोच हीटर त्याला लावू का. नाही लावायचा. मिथेनमध्ये तेवढ्याच आकारमानाला प्रोपेनच्या निम्म्याहून कमी उष्णता असते, दाब वेगळा, हवेचं प्रमाण वेगळं, त्यामुळे जेटचं भोक मोठं करून भागत नाही, त्या गॅससाठीच बनवलेला हीटर घ्यावा लागतो. थंडीची आणखी एक गंमत, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ ला, म्हणून ४ अंशांच्या रात्री ५ किलोचा छोटा सिलेंडर संपत आला की आतला ब्युटेन वाफ व्हायला कुरकुरतो, वरून गॅस निघतोय तसा सिलेंडर आणखी थंड होत जातो, बाहेरून घाम येतो आणि पाटी मंद होते. सिलेंडरवर गरम पाणी ओतायचं नाही की त्याला हीटरसमोर आणायचं नाही, एक पाटी बंद करायची. एका पाटीला तासाला शंभरेक ग्रॅम पुरतात, म्हणजे ५ किलोत ५० तास निघतात, तिन्ही पेटवल्या तर सतराही नाहीत.

होळीनंतर हीटर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर जातो आणि मे-जूनच्या आंधीची सगळी धूळ खातो. त्यात कोळ्यांना व्हेंचुरीची नळी फार आवडते, आत जाळं विणलं की हवा कमी ओढली जाते, पाटी लाल होण्याऐवजी पिवळ्या ज्वाळा नाचतात आणि जाळीवर काजळी धरते. म्हणून दिवाळीत माळा काढताना हीटर खाली घ्यायचा, नळी मऊ ब्रशने साफ करायची, जेटमध्ये टाचणी घालायची नाही कारण भोक मोठं होतं, आयएसआय मार्कची सुरक्षा नळी पाच वर्षांची झाली असेल तर बदलायची, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, आणि पहिल्यांदा पेटवायचा तो दिवसा, खिडकी उघडून, पाटी एकसारखी लाल होते का ते बघत.