स्फोट झाला ती दीर्घिका कुठली?

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी बेप्पोसॅक्स या उपग्रहाने मृग तारकासमूहाच्या दिशेने आलेला गॅमा किरणांचा स्फोट टिपला. असे स्फोट १९६७ पासून माहीत होते, पण ते किती दूरवर होतात हे तीस वर्षं कुणालाच सांगता आलं नव्हतं. स्फोट काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत संपतो, आणि गॅमा किरणांवरून त्याची आकाशातली नेमकी जागा सापडत नसे. बेप्पोसॅक्सने मात्र स्फोटानंतर मागे उरलेले क्ष-किरण पकडले आणि जागा बरीच नेमकी कळवली. ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने सुमारे २१ तासांनी तिथलं छायाचित्र घेतलं, मग ८ मार्चला दुसरं. पहिल्यातला एक ठिपका दुसऱ्यात नव्हता.

हबल दुर्बिणीला त्या जागी विझत चाललेल्या ठिपक्याला लागून एक धूसर डाग दिसला. हा डाग दीर्घिकेचा की स्फोटाच्याच उजेडाचा, यावर बरीच खडाजंगी झाली. सप्टेंबरमध्ये हबलने पुन्हा पाहिलं. ठिपका आणखी मंदावला होता, डाग होता तसाच होता. म्हणजे ती दीर्घिकाच.

पण किती मंद! तिची दृश्यप्रत, म्हणजे तेजाचा आकडा (तो जितका मोठा तितका प्रकाश मंद), पंचविसाच्याही पुढची. नुसत्या डोळ्यांना जेमतेम सहाव्या प्रतीचा तारा दिसतो, आणि दर पाच प्रतींमागे प्रकाश शंभर पट घटतो. ही दीर्घिका त्या ताऱ्यापेक्षा कोट्यवधी पट फिकी भरते. तिचा वर्णपट, म्हणजे रंगांत विभागलेला प्रकाश, मिळवायला हवाईतल्या केक दुर्बिणीचा दहा मीटरचा आरसा लागला. हे काम करणाऱ्या, अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या गटात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला याचं माप, निघाली ०.६९५; तिथला प्रकाश सहा अब्ज वर्षांहून जास्त काळ वाटेत होता.

दीर्घिका दिसली नाही तरी तिचं अंतर काढता येतं, आणि मला या विषयातलं सर्वांत सुंदर ते हेच वाटतं. स्फोटानंतरची झळाळी त्या दीर्घिकेतल्या वायूतून बाहेर येते आणि येताना लोह, मॅग्नेशियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या शोषणरेषा, म्हणजे त्यांनी प्रकाश शोषल्याने वर्णपटात पडलेल्या काळ्या रेषा, सोबत आणते. काळोख्या रात्री वीज चमकावी आणि रानातली झोपडी क्षणभर दिसावी, तसं हे आहे. मे १९९७ मधल्या स्फोटाचं अंतर याच पद्धतीने कळलं आणि जुना वाद मिटला: हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या खूप पलीकडचे आहेत.

एरवी आपण दीर्घिका शोधतो त्या तेजस्वी असतात म्हणून. कुठल्याही सर्वेक्षणात ठळक तेवढं आधी हाती लागतं, बारीकसारीक निसटतं. स्फोट मात्र दीर्घिकेचं तेज बघून होत नाही. दीर्घ स्फोट (साधारण दोन सेकंदांहून जास्त टिकणारा) म्हणजे प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा अंत, आणि असे तारे अल्पायुषी असल्याने तो स्फोट नवे तारे घडत असलेल्या जागीच होतो. म्हणून स्फोटांवरून सापडलेल्या दीर्घिकांच्या यादीत लहान, निळसर, वेड्यावाकड्या आकाराच्या, जड मूलद्रव्यं कमी असलेल्या दीर्घिका भरपूर आहेत. काहींत धूळ इतकी दाट की झळाळी दृश्य प्रकाशात दिसतच नाही.

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मोठे तारे मेल्यावर उरणाऱ्या अतिघन गोळ्यांच्या, टकरीतून होणाऱ्या लघुस्फोटांचं (दोन सेकंदांहून कमी काळाच्या) प्रकरण अवघड. ही जोडी टकरीआधी जन्मस्थळापासून फार दूर भरकटलेली असू शकते. मग शेजारच्या दोन-तीन दीर्घिकांपैकी घर कोणतं, हे शक्यतेच्या गणितावर ठरवावं लागतं.

एप्रिल १९९८ मधला स्फोट तुलनेने अगदी जवळचा, सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षांवरचा. पुण्याजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने त्याच्या दीर्घिकेतला हायड्रोजन वायू मोजला. एखाद्या स्फोटाच्या दीर्घिकेत असं मोजमाप प्रथमच झालं. वायूची विस्कटलेली मांडणी पाहता तिच्यात नुकतीच दुसरी छोटी दीर्घिका मिसळली असावी, असा निष्कर्ष २०१५ मध्ये निघाला.

दुसऱ्या टोकाला आहे २३ एप्रिल २००९ चा स्फोट. ताम्रसृती ८.२, म्हणजे विश्वाचं वय जेमतेम ६३ कोटी वर्षं होतं तेव्हाचा. हबलने ती जागा दीर्घकाळ न्याहाळली, दीर्घिका सापडली नाही. इतर अतिदूरच्या स्फोटांच्या जागीही तेच घडलं. हे अपयश मानू नये. तारा तिथे मेला हे नक्की, तेव्हा दीर्घिका होतीच. फक्त हबलच्या आवाक्याखालची. त्यावरून संशोधकांनी अनुमान काढलं की त्या काळातले बहुतेक तारे अशाच चिमुकल्या दीर्घिकांत जन्मत होते.