जुनी लष्करी काडतुसे : खुणांची ओळख, परवाना आणि कागदपत्रे

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसांबरोबर त्यांचे सुटे भागही येतात. त्यामुळे घरच्या पेटीत सापडलेल्या ब्रिटिशकालीन काडतुसांचे परवान्याच्या अर्जात ‘जुन्या गोळ्या’ असे मोघम वर्णन केल्यास ते अर्जदाराच्याच अंगाशी येऊ शकते. गोळी म्हणजे केवळ पुढचा धातूचा तुकडा. पुंगळी (धातूची नळी), बुडातील कॅप (आघाताने पेटून दारू पेटवणारी टोपी), आतली दारू आणि गोळी मिळून काडतूस होते.

ओळख पटते ती बुडावरच्या ठशावरून. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या (स्थापना १८६९) जुन्या .३०३ इंची काडतुसांवर ‘के’ आणि ‘एफ’ या अक्षरांमध्ये बाणाची सरकारी खूण, सालाचे शेवटचे दोन अंक आणि मार्क (म्हणजे काडतुसाची आवृत्ती) दर्शवणारा सात हा आकडा आढळतो. आकड्याला जोडून ‘जी’ असेल तर गोळी ट्रेसर (उडताना उजेडाची रेघ सोडणारी), ‘डब्ल्यू’ असेल तर चिलखतभेदी आणि ‘बी’ असेल तर आग लावणारी असते. कॅपभोवतीच्या कड्याचा रंगही हेच सांगतो : साध्या गोळीस जांभळा, ट्रेसरला लाल, चिलखतभेदीला हिरवा, आग लावणारीला निळा. रंग कालांतराने उडतो, म्हणून माझ्या मते भिस्त ठशावरच ठेवावी. मात्र ठसा वाचण्यासाठी काडतूस घासू नये, ठोकू नये, उघडू तर मुळीच नये. तोफगोळा, हातबॉम्ब किंवा गंजून फुगलेली वस्तू दिसल्यास ती न हलवता ११२ वर कळवावे.

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. अर्ज शस्त्र नियम, २०१६ मधील नमुना ए-१ मध्ये जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, तर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे करावयाचा असून छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा व निवासाचा पुरावा आणि विहित नमुन्यातील वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. वारसाने मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची ना-हरकतही द्यावी. येथे एक अडचण आधीच ध्यानात घ्यावी : .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरचा लष्करी दारूगोळा सर्वसाधारण परवान्यात बसत नाही, तो निर्बंधित गटात मोडतो आणि त्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. केवळ संग्रहाच्या आवडीपोटी जिवंत लष्करी काडतुसांचा परवाना मिळेल, अशी अपेक्षा धरू नये.

परवानाधारकाच्या निधनामुळे किंवा मुदत संपल्याने ताबा कायदेशीर राहिला नसेल, तर कलम २१ प्रमाणे काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक आहे. जमा करताना प्रत्येक ठशाची नोंद असलेली यादी दोन प्रतींत करून एका प्रतीवर पोच घ्यावी. पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ सुट्या भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे. तरीही रिकाम्या पुंगळ्यांचा संग्रह करणाऱ्याने त्या कोठून आल्या याचा कागद जपून ठेवावा आणि वापरलेली कॅप असलेलीच पुंगळी स्वीकारावी.