उद्योग व स्वयंसेवी संस्था यांची भागीदारी

नफ्यासाठी चालणारी कंपनी आणि नफा वाटून न घेणारी संस्था यांनी एखाद्या कामासाठी पैसा, माणसे, कौशल्य किंवा बाजारपेठ एकत्र आणायची आणि त्यातून दोघांचेही काही साधायचे, असा व्यवहार. देणगीहून तो वेगळा. देणगीदार धनादेश देऊन मोकळा होतो; भागीदारीत मात्र कंपनीकडे नसलेले काहीतरी संस्थेजवळ असते : वस्तीतली ओळख, लोकांचा विश्वास, वर्षानुवर्षांचा अनुभव. भारतात अशी संस्था न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालील कंपनी म्हणून नोंदलेली असते. व्यवहारात सगळ्यांना सरसकट ‘एनजीओ’च म्हणतात.

मुंबई इलाख्यातल्या शेठजींची परंपरा दानाची होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय 1845 मध्ये सुरू झाले. टाटांनी पुढे वेगळी रचना केली. टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के भाग टाटा न्यासांकडे असल्याने धंद्याचा लाभांशच धर्मादायाकडे जातो. परस्परलाभाचा उघड व्यापारी हिशेब मात्र अमेरिकेतला. अमेरिकन एक्सप्रेसने 1983 मध्ये कार्डावरच्या दर व्यवहारामागे 1 सेंट आणि नव्या कार्डामागे 1 डॉलर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी देऊ केला. सुमारे 17 लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही वाढला. ‘कॉज मार्केटिंग’ (मालाची विक्री एखाद्या सामाजिक कामाशी जोडणे) हा शब्द रूढ झाला तो या मोहिमेमुळे.

भारतातील कायदा
कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. आदल्या वर्षी 500 कोटी रुपयांचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम), 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. हाच ‘सीएसआर’, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. एप्रिल 2021 पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-1’ अर्ज भरून नोंदणी करावी लागते.

खरी मेख पुढे आहे. केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम, आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व आणि दुसऱ्या कायद्याने आधीच बंधनकारक असलेले काम, ही तिन्ही सीएसआरमध्ये धरली जात नाहीत. प्राप्तिकरातही हा पैसा धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. म्हणजे ज्या खात्यातून संस्थांना सर्वाधिक अपेक्षा असते, त्यातूनच कंपनीने स्वतःचा धंद्याचा लाभ पाहायचा नाही. म्हणून परस्परलाभाच्या गप्पा मारण्याआधी पैसा कोणत्या खात्यातून येतो आहे, हे विचारलेले बरे.

वर्ष संपेपर्यंत न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा कायद्याने ठरवलेल्या निधीत वळवावी लागते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये संस्थांचे फोन वाजू लागतात आणि आठवड्यात प्रस्ताव मागितले जातात. प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादाही अशीच गैरसमजाची. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाला आहे, पण अनेकदा तीच संस्थेवर लादली जाते. मग हिशेबनीस आणि कार्यकर्त्यांचे पगार कुठून भागवायचे, हा प्रश्न संस्थेच्या गळ्यात पडतो.

पुण्यातील कचरावेचक
सीएसआरबाहेरची भागीदारी पाहायला पुणे हे चांगले उदाहरण आहे. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. पुणे महापालिकेशी करार करून 2008 पासून तिचे सभासद घरोघरचा कचरा उचलू लागले. घरटी मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री, ही त्यांची कमाई. सहकारी संस्था असल्याने ही काटेकोर अर्थाने एनजीओ नव्हे, पण व्यवहाराची घडण तीच आहे.

इथे कंपन्यांशी संबंध सुरू झाला तो भांडणातून. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे करणाऱ्या बायकांनी 2013 मध्ये अशा पॅडची पोतीच उत्पादक कंपन्यांना धाडून दिली. हा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असे घराघरांत सांगणारी मोहीमही चालली. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पॅड व डायपरच्या उत्पादकांवर पाकिटासोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याची जबाबदारी टाकली.

त्याच वर्षीच्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी आपण बाजारात आणलेले वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने भंगारवाला घेत नाही, कारण ती अनेक थरांची असल्याने पुनर्वापर अवघड. म्हणून वेचकही ती सोडून देतात. कंपनीने किलोमागे दर दिला, की तीच वस्तू उचलण्याजोगी होते. आयटीसीने ‘स्वच्छ’बरोबर पुण्यात असे संकलन करून पाहिले आहे. कायद्याची पूर्तता कंपनीला हवी, जास्तीचा रोज वेचकाला हवा. हा पैसा उपकाराचा नाही. तो मालाच्या किमतीतच बसतो.

त्रिपक्षी प्रकार
‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही महाराष्ट्र शासनाची योजना 2017 मध्ये सुरू झाली. तिच्यात पोकलेन-जेसीबी आणि डिझेलच्या खर्चात संस्था व कंपन्या वाटा उचलतात, तलाव शासनाचा असतो आणि गाळ फुकट मिळतो. तो रानात वाहून नेण्याचा ट्रॅक्टरचा खर्च मात्र शेतकऱ्याने करायचा. तलावात जादा पाणी साठते, मुरमाड रानाला सुपीक थर मिळतो. पण ज्याच्याकडे ट्रॅक्टरच्या भाड्याला पैसे नाहीत, त्या कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत गाळ पोहोचत नव्हता. 2023 मध्ये योजना नव्या रूपात आली, तेव्हा अल्पभूधारकांसाठी त्या वाहतुकीला अनुदान जोडावे लागले.