कॉब्लर व फळांचा पाय

कॉब्लर व फळांचा पाय : मैद्याच्या खुसखुशीत पारीत फळांचे सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ म्हणजे फळांचा पाय. कॉब्लर हा त्याचाच घरगुती भाईबंद. खोल भांड्यात फळे घालून त्यांवर जाड लाटीचे किंवा सैल पिठाचे आच्छादन देऊन तो भाजतात. पाय मूळचा इंग्लंड व उत्तर यूरोपातला. कॉब्लर मात्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतला, विशेषतः दक्षिणेकडील व एकोणिसाव्या शतकातील पश्चिम सरहद्दीवरील राज्यांतला.

सफरचंदाच्या पायची इंग्रजीतील सर्वांत जुनी समजली जाणारी कृती ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या संग्रहात आढळते. राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांनी तो सु. १३९० मध्ये सिद्ध केला. या कृतीत सफरचंदांबरोबर नासपती, अंजीर, मनुका, मसाले आणि रंगासाठी केशर आहे, साखर नाही. साखर त्या काळी बाहेरून येणारी महाग वस्तू होती, त्यामुळे गोडव्याची भिस्त सुक्या फळांवर असावी. हे सारण ‘कॉफिन’ नावाच्या पिठाच्या उभ्या कडांच्या पेटीत भरीत. ही पेटी केवळ भांड्याचे काम करी, ती खाण्यासाठी नव्हतीच, असे मत पूर्वी सर्रास मांडले जाई. मांसाच्या मोठ्या पायची जाडजूड पारी टाकून दिली जात असेल किंवा नोकरचाकरांत वाटली जात असेल. पण फळांच्या लहान पायलाही तोच नियम लावण्यास पुरेसा आधार दिसत नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास लोणी व अंड्याचा बलक घालून केलेल्या पारीच्या कृती छापील पुस्तकांत येतात. तेव्हापासून तरी पारी ही सारणाइतकीच चवीची वस्तू झाली होती, हे निश्चित.

वसाहतींबरोबर पाय अमेरिकेत गेला, पण त्यात भरायची फळे तेथे आयती नव्हती. रानटी, आंबट क्रॅबॲपल सोडले तर उत्तर अमेरिकेत सफरचंद नव्हते. मध्य आशियातील तिएनशान पर्वतराजीत उगम पावलेले हे फळ सतराव्या शतकात यूरोपीय वसाहतवाल्यांनी तेथे नेले. पीच मूळचे चीनचे. स्पॅनिशांनी ते सोळाव्या शतकात फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आणले आणि तेथून पुढे त्याचा प्रसार मुख्यतः मूलनिवासी जमातींनी केला. ब्लूबेरी तेवढी अस्सल अमेरिकेची. १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात सफरचंदाचा पाय आहेच. अमेरिकन लेखणीतून उतरलेले हे पहिले पाकपुस्तक मानतात. न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्येकडील भागात विटांची भट्टी एकदा पेटवली की बरेच पाय एकदम भाजून घेत आणि हिवाळ्यात ते थंड खोलीत गोठवून ठेवीत.

कॉब्लरच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत असे, की इंग्लंडहून आलेल्यांना चरबी घालून उकडलेली पुडिंगे करण्याची साधने सरहद्दीवर मिळेनात, म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या फळांवर पिठाचे गोळे टाकून भागवले. लोकप्रिय लेखनात हीच हकीकत वारंवार येते. परंतु तिला समकालीन लेखी पुरावा दाखवला जात नाही. दुसरे मत कॉब्लरला खोल भांड्यातील पायचा वारस ठरवते, आणि छापील साधने याच मताकडे झुकतात. लेटिस ब्रायन यांच्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ (१८३९) या पुस्तकात पीचचा ‘पॉट-पाय’ दिला असून त्यालाच बरेचदा कॉब्लर म्हणतात, अशी नोंद आहे. त्यासाठी बाठीला गर चिकटून राहणारे, पूर्ण पिकलेले पीच सोलून, कापून घ्यायला सांगितले आहे. पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगा हा पाय नव्हे, पण घरच्यांसाठी थंड दुधाबरोबर उत्तम, असा लेखिकेचा अभिप्राय आहे. जॉन रसेल बार्टलेट यांच्या अमेरिकन शब्दांच्या कोशाच्या १८५९ मधील आवृत्तीतही कॉब्लर म्हणजे जाड पिठाचे अस्तर लावलेल्या भांड्यात फळे घालून भाजलेला पाय, असेच वर्णन असून तो पश्चिमेकडचा म्हटला आहे. दोन्ही ठिकाणी पारी जाड, भांडे खोल आणि घडण पायची आहे. आज ओळखीचे असलेले, वरून टाकलेले फुगीर गोळे तेथे नाहीत.

हे गोळे आले कोठून, याचे उत्तर बहुधा रसायनांत आहे. लाकडाच्या राखेपासून काढलेला पोटॅशचा क्षार पीठ फुगवण्यासाठी सिमन्स यांच्या काळीही वापरीत, पण त्याची साबणासारखी चव मागे राही. खाण्याचा सोडा अमेरिकेत १८४६ पासून व्यापारी प्रमाणावर मिळू लागला. एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये बेकिंग पावडरीत लागणाऱ्या कॅल्शियमच्या आम्लधर्मी फॉस्फेटचे एकस्व (पेटंट) घेतले आणि पुढील काही दशकांत बेकिंग पावडर घरोघर पोचली. तिच्या साह्याने दहा मिनिटांत मऊ, फुगीर पीठ तयार होऊ लागल्यावर तळाची व बाजूंची पारी गळून वरचे आच्छादन तेवढे उरले असावे. हा बदल नेमका कोणत्या दशकात झाला हे ठरवण्यापेक्षा तो हळूहळू, प्रदेशागणिक वेगळ्या वेगाने झाला असे मानणे योग्य. ओतीव लोखंडाचे, झाकणाचे व बुडाला खुरे असलेले ‘डच ओव्हन’ हे भांडे याआधीपासून प्रचारात होते. खाली निखारे, झाकणावरही निखारे, अशी त्याची भाजण्याची रीत. त्यामुळे वरचे पीठ बांधीव भट्टीवाचूनही तांबूस होई.

पारीचे सर्व मर्म मोहनात आहे. सामान्य प्रमाण वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी किंवा चरबी आणि एक भाग थंड पाणी असे धरतात. पाणी मिळताच मैद्यातील ग्लुटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने एकत्र येऊन चिवट ग्लुटेन तयार होते; पिठाच्या कणांवर आधी स्निग्धाचा लेप बसला असेल तर ही क्रिया रोखली जाते. म्हणून लोणी थंड घेऊन बोटांच्या टोकांनी भराभर चोळतात, पण पूर्ण एकजीव करीत नाहीत. वाटाण्याएवढे राहिलेले लोण्याचे तुकडे लाटताना चपटे होतात, भट्टीत वितळतात आणि लोण्यातील पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. चिरोट्यातला साटा हेच काम करतो. लोणी ३५° से.च्या आत वितळते. उकाड्याच्या दिवसांत पीठ मध्येच शीतकपाटात ठेवावे लागते, ते यामुळे. डुकराच्या चरबीत पाणी जवळजवळ नसते आणि तिचे स्फटिक मोठे असतात, त्यामुळे पापुद्रे उत्तम सुटतात, मात्र लोण्याचा स्वाद येत नाही. १९११ मध्ये सरकीच्या तेलापासून केलेले ‘क्रिस्को’ हे वनस्पती तूप बाजारात आल्यावर अमेरिकन घरांतून चरबी मागे पडत गेली.

सारणात खरा प्रश्न रसाचा. साखर लागली की फळ पाणी सोडते आणि तळाची पारी कच्ची, लगद्यासारखी राहते. त्यावर उपाय म्हणून फोडींना साखर लावून सुटलेला रस वेगळा आटवतात आणि मक्याचा स्टार्च (कॉर्नफ्लोअर) किंवा टॅपिओका (साबुदाण्याचा स्टार्च) घालून दाट करतात. कॉर्नफ्लोअर घातलेला रस सुमारे ९५° से.पर्यंत तापला तरच नीट धरतो. सारण मध्यभागी खदखदू लागेपर्यंत पाय बाहेर काढू नये, या जुन्या सूचनेचे कारण हेच. फार आंबट फळांत आम्लामुळे स्टार्चची पकड सैल होते. सफरचंदाच्या फोडी ६०–७०° से.वर थोडा वेळ आधीच मंद शिजवल्या, तर त्यांतील एक विकर (एंझाइम) फळाच्या पेशी सांधणाऱ्या पेक्टिनला बळकटी देते आणि पुढे भट्टीतही फोडी आकार सोडत नाहीत. भट्टी प्रथम २२०° से. ठेवतात, म्हणजे पारी लोणी ओघळण्यापूर्वी धरते. नंतर १९०° से.वर आणतात. झाकणाच्या पारीला चिरा देतात, त्यांतून वाफ जाते. भाजलेला पाय तीन-चार तास निवू द्यावा. गरम कापल्यास रस ताटलीभर पसरतो. कॉब्लरला ही वाट पाहावी लागत नाही. त्याचे मात्र फळ आधी गरम करून मगच वर पीठ घालावे, नाहीतर गोळ्यांची खालची बाजू कच्ची राहते. दक्षिणेत एक सैल पिठाचा प्रकारही आहे. तापलेल्या भांड्यात लोणी वितळवून त्यावर पीठ, साखर व दूध यांचे मिश्रण ओततात व फळे वर टाकतात. भाजताना पीठच वर येऊन फळांना झाकते.

क्रिस्प, ब्रिटनमधील क्रम्बल, चुलीवर झाकून वाफवलेले ग्रंट व स्लम्प, पॅनडाउडी, ब्राउन बेटी हे याच कुळातील पदार्थ होत. व्हर्मॉंट राज्याने १९९९ मध्ये सफरचंदाचा पाय अधिकृत राज्य-पाय ठरवला. तो थंड दूध, किमान अर्धा औंस (सु. १४ ग्रॅ.) चेडर चीज किंवा व्हॅनिला आइस्क्रीम यांसह देण्याचा प्रामाणिक प्रयत्न व्हावा, असे तो कायदा सांगतो.

भारतात कॉब्लरची परंपरा नाही. गोव्यातील एंपादा हा पोर्तुगीज वळणाचा पाय मांसाचा असतो. सफरचंदाच्या पायला एक आडवळणाचा दुवा हिमाचलात मिळतो : सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकनाने १९१६ मध्ये कोटगढ परिसरात रेड डिलिशस जातीची लागवड केली. ही गोड, कमी आम्लाची जात भाजल्यावर भुसभुशीत होते. त्यामुळे आपल्याकडे घरी पाय करणारे लिंबाचा रस घालतात किंवा हिरवे ग्रॅनी स्मिथ घेतात. घरच्या ओटीजीत (विजेच्या लहान भट्टीत) शेवटची काही मिनिटे फक्त खालचा रॉड चालू ठेवल्यास तळ खरपूस होतो. अमेरिकेतील भारतीय कुटुंबांत, मराठी घरांतही, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला आंब्याचा पाय करण्याची रीत रुळली आहे. डब्यातील हापूस किंवा केसरचा रस, क्रीम चीज आणि जिलेटिन किंवा आगर एकत्र करून ते ग्रॅहॅम बिस्किटांच्या चुऱ्याच्या पारीत ओततात; हा पाय भट्टीत भाजत नाहीत, शीतकपाटात रात्रभर घट्ट होऊ देतात.